आधी पत्त्यांचं ठरू दे

नकाशेकाकांनी टॅरोचे, म्हणजे चित्रांवरून भविष्य सांगतात ते, पत्ते घ्यायचं ठरवलं, ही गोष्ट खरं तर त्यांच्या घराबाहेर जायलाच नको होती. गंभीर अभ्यास दार लावून करावा, असं काकांचं स्पष्ट मत. पण आमच्या इमारतीत कोणाकडे नवा पंखा आला, तर तो छताला लागायच्या आत त्याच्या आवाजावर जिन्यात चर्चा सुरू होते. तिथे काकांच्या अभ्यासाचा काय निभाव लागणार?

नकाशे हे काही काकांचं आडनाव नाही. मोजणी खात्यात त्यांनी उभा जन्म नकाशे काढले, म्हणून ते नकाशेकाका, आणि त्यांच्या म्हणून त्या काकू. नकाशाच्या कोपऱ्यात खुणांची एक चौकट असते ना, विहिरीला निळं टिंब, पुलाला दोन रेघा, पडक्या इमारतीला तुटक चौकोन, ती चौकट काकांच्या हातची. एका खुणेला एकच अर्थ, आणि तोही वरिष्ठांच्या सहीनं. त्यात कोणी ढवळाढवळ केली की काकांचा राग जेवणावर निघायचा.

असा हा माणूस निवृत्तीनंतर एका सोमवारी दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसला होता. समोरच्या जुन्या मासिकात त्याला एका पत्त्याचं चित्र दिसलं. डोंगराच्या टोकावर कंदील धरून उभा असलेला म्हातारा. खाली छापलेलं, अर्थ: एकांत, किंवा ज्ञान, किंवा विलंब, किंवा मार्गदर्शक भेटणे. काका इतके चिडले की दाढ ठणकायची थांबली. "एका म्हाताऱ्याचे चार अर्थ? मग तो डोंगर चढणाऱ्यानं भरवसा ठेवायचा कशावर?" असं त्यांनी शेजारी गाल धरून बसलेल्या गृहस्थांना विचारलं. त्या बिचाऱ्यांना तोंड उघडता येत नव्हतं, त्यामुळे काकांनी ती संमती धरली. घरी परतेपर्यंत त्यांचा निश्चय झाला होता. या चित्रांचा कोणीतरी शिस्तीत अभ्यास करायला हवा, आणि आपल्याशिवाय तो कोणाला जमणार?

आता इथे आदल्या रविवारची गोष्ट सांगायलाच हवी. त्या दिवशी परगावाहून लेकीचा फोन आला होता, चेहरा दिसतो तसला. "बाबा, आमच्या खालची खोली रिकामी होतेय. मालकीणबाई महिनाअखेरपर्यंत तुमच्यासाठी अडवून ठेवतायत. आता कायमचे या ना इकडेच." काका म्हणाले, "विचार करून कळवतो." तेवढ्यात नातीनं आईला बाजूला ढकलून आपलं नाक पडद्याला लावलं. "आजी, आमच्या मागे तळं आहे. मला पोहता येतं आता. तू उतरशील माझ्याबरोबर?" काकू म्हणाल्या, "बघू गं," आणि फोन ठेवल्यावर उगाचच पदरानं चष्मा पुसत बसल्या.

म्हणजे रविवारी हा फोन आला आणि सोमवारी काकांना प्रतीकांच्या अभ्यासाची ओढ लागली. आपण कशाला काही बोला?

रोज संध्याकाळी चहाचा कप पुढे ठेवताना काकू विचारत, "लेकीला काय कळवायचं?" आणि काका बशीकडे बघत म्हणत, "आधी पत्त्यांचं ठरू दे." काकू जास्त ताणत नसत. त्याच आठवड्यात त्यांनी दुपारी पोहण्याच्या तलावावर जायला सुरुवात केली होती. गुडघ्यांना बरं असतं म्हणे. काकांनी मनाशी चित्र रंगवलं होतं, की काकू पायरीवर बसून पाण्यात पाय हलवत असतील आणि शेजारी आणखी चारदोन गुडघेवाल्या बायका असतील. त्यांनी कधी जाऊन पाहिलं नाही. अभ्यासातून सवड कुठे होती?

पत्ते घ्यायचे तर पुस्तकांच्या दुकानात जायला हवं. दुकानदारानं ते स्वयंपाक आणि आरोग्य यांच्या मधल्या फळीवर ठेवले होते.

"गंभीर अभ्यासासाठी दाखवा," काका म्हणाले.

"कोणाचं काय अडलंय, साहेब? लग्न की नोकरी?"

"अडलेलं काही नाही. मला भविष्य बघायचं नाही. प्रतीकांचा अभ्यास करायचाय."

"सगळे आधी असंच म्हणतात," दुकानदार समजुतीनं म्हणाला आणि त्यानं पत्त्यांचे तीन जोड पुढे मांडले. एक फुलांचा, एक अंधारात चमकणारा आणि एक मांजरांचा. काकांनी चष्मा कपाळावर चढवून मांजरांचा जोड तपासला. मूळ पत्त्यांत एका पायानं उलटा टांगलेला माणूस असतो, त्यागाची खूण म्हणून. इथे त्याच्या जागी पडद्याला नखं रोवून लोंबकळणारं मांजर होतं.

"यात त्याग कुठे आहे?" काकांनी विचारलं.

"पडदा गेला की, साहेब," दुकानदार म्हणाला.

काका मांजरं फळीवर ठेवून बाहेर पडले. पण इमारतीच्या फाटकाशी पोचेपर्यंत ही बातमी त्यांच्या पुढे पोचली होती. समोरच्या घरातली वहिनी दारातच उभी. "काका, काही झालं तरी स्वतः विकत घेऊ नका हं. पत्ते कोणीतरी द्यावे लागतात. स्वतः घेतले तर ते बोलत नाहीत."

"मला त्यांच्याशी बोलायचंच नाहीये," काका म्हणाले. "त्यांनी गप्प पडून राहावं, मी त्यांच्याकडे बघेन."

"बघा बाई, मी आपलं सांगितलं," वहिनी म्हणाली. काकूंच्या धाकट्या भावाच्या कानावर हे गेलं मात्र, तो दुसऱ्याच दिवशी चकचकीत कागदात गुंडाळलेला खोका घेऊन हजर. काकांनी कागद सोडला. आत मांजरं. "दाजी, घ्या. मी दिलेत, आता धडाधड बोलतील!" असं म्हणून मेव्हणा जो हसत सुटला, तो आवाज तळमजल्यावरही ऐकू गेला. घरच्या माणसानं आणलेली वस्तू नाकारता येत नाही. काकांनी आभार मानले, पण त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

मग चेअरमन. इमारतीच्या समितीचे हे चेअरमन लिफ्टमध्ये सुद्धा भाषणाच्या सुरात बोलतात. "काका, राहत्या घरात धंदा करायचा तर समितीची परवानगी लागते."

"धंदा नाही, अभ्यास आहे."

"शिकवणीलाही लागते."

"मी कोणालाही शिकवणार नाही."

"मग अभ्यास कशाला?" चेअरमननी विचारलं. खरं सांगायचं तर हा प्रश्न काकांना पुढे कितीतरी दिवस टोचत राहिला. लिफ्टचं दार उघडल्यावर चेअरमननी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "बाकी सहज विचारतो. यंदा मी पुन्हा निवडून येईन का?"

शेवटी काकांनी पुष्कळ वाचन करून परदेशातून दोन जोड मागवले. एक जुना, लाकडी ठशांच्या चित्रांचा, आणि एक त्यानंतरचा, बारीक रंगकामाचा. दोन का? तर तुलना केल्याशिवाय निवड म्हणजे निव्वळ आवड, आणि आवडीवर विसंबायला काका काही लहान मूल नव्हते. पार्सल वेळेत आलं, पण घरी आलं नाही. कस्टमच्या कार्यालयात येऊन सोडवून न्यावं, असा निरोप आला.

तिथल्या अधिकाऱ्यापुढे पार्सल उघडून ठेवलेलं होतं आणि तो खरोखर अडचणीत होता. "साहेब, हे मी लावू कशात? खेळायचे पत्ते म्हणावेत तर जुगाराच्या साहित्यात जातात. पुस्तक म्हणावं तर शिवलेलं नाही. पूजेचं सामान म्हणावं तर तुम्ही नाही म्हणताय."

"हे संदर्भसाहित्य आहे," काका म्हणाले. "नकाशासारखं."

"नकाशाला वेगळी परवानगी लागते."

काकांनी जीभ चावली. पुढे त्यांनी उभ्या उभ्या प्रतीक म्हणजे काय, खूण म्हणजे काय, आणि दोन्हींत फरक काय, यावर जे विवेचन केलं, ते ऐकायला शेजारच्या दोन टेबलांवरची माणसं खुर्च्या घेऊन आली. अधिकाऱ्यानं सगळं मान खाली घालून ऐकलं आणि 'शैक्षणिक तक्ते' असा शिक्का मारला. काकांना भरून आलं. इतक्या दिवसांत त्यांच्या अभ्यासाला अभ्यास म्हणणारा हा पहिला माणूस. पार्सल हातात देता देता तो हळूच म्हणाला, "त्यातला एक काढून बघा ना. माझी बदली होईल का हो?"

घरी आल्यावर काकांनी जे केलं, ते मोजणी खात्यातल्या माणसाशिवाय कोणाला सुचलं नसतं. मोठ्या मुलखाचा नकाशा अनेक तावांवर काढतात. मग ते ताव जमिनीवर कडेला कड लावून मांडतात. या तावावरचा रस्ता त्या तावावर पुढे गेला पाहिजे, नदी नदीला मिळाली पाहिजे. कडा जुळल्या तर काम चोख, नाही जुळल्या तर कोणीतरी खोटं मोजलंय. काकांनी बाहेरच्या खोलीतली सतरंजी गुंडाळली, खुर्च्या भिंतीला लावल्या आणि दोन्ही जोड फरशीवर मांडून कडा जुळवायला बसले. ज्याच्या कडा जुळतील तो जोड ठेवायचा, इतकी साधी कसोटी.

एकही कड जुळेना. चांदणीच्या पत्त्यावरचा ओढा शेजारच्या पत्त्यावर वाळवंटात शिरत होता. सम्राटाच्या मागचा डोंगर बाजूच्या पत्त्यावर एकदम सपाट. काकांनी पत्ते फिरवले, उलटे लावले, भिंतीपासून पुन्हा सुरुवात केली. महिना सरत आला आणि बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. काकू पोहण्याची पिशवी डोक्याच्या वर धरून, एकेक फरशी शोधत दाराकडे जायच्या आणि ओले केस घेऊन तशाच परत यायच्या. वहिनी साखर मागायला आली तर तिला खुर्चीवरून खुर्चीवर जावं लागलं. मेव्हण्यानं दारातूनच हात जोडले.

अखेर लेकीचा पुन्हा फोन आला. "बाबा, मालकीणबाईंना उद्या सांगायचंय. दुसरं बिऱ्हाड तयार आहे त्यांच्याकडे."

"कळवतो," काका म्हणाले. फोन ठेवून त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "तुम्ही ठरवा," आणि पिशवी उचलून पत्त्यांमधून वाट काढत तलावावर निघून गेल्या.

मेव्हणा दारातच उभा होता. "दाजी, एवढे पत्ते अंथरून बसलाय, त्यांनाच विचारा की!"

काकांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो निमूटपणे जिना उतरला. मग काकांनी दाराला कडी लावली. आणि, सांगायलाही संकोच वाटतो, पण लावली कडी आणि डोळे मिटून एक पत्ता उचलला. उभा जन्म फूटपट्टीवर काढलेल्या माणसानं!

चंद्राचा पत्ता होता. दोन मनोऱ्यांच्या मधून एक रस्ता लांब जातो आणि डोंगरात दिसेनासा होतो. रस्ता कुठे पोचतो ते चित्रात नाही. काकांनी दुसऱ्या जोडातला चंद्र शोधून काढला. त्यातही नाही. काका पत्त्यांच्या मधोमध मांडी घालून बसले होते ते तसेच बसून राहिले. त्यांना भीती वाटत होती. इथे जिन्यातलं शेंबडं पोरही त्यांना नकाशेकाका म्हणतं. तिकडे ते कोण? लेकीचे बाबा. खिडकीशी खुर्ची टाकून बसवलेले, पेपर वाचून झाला का म्हणून विचारले जाणारे. आणि न जावं, तर काकूंचा तो पुसून पुसून झिजलेला चष्मा.

आणि बसल्या बसल्या त्यांच्या लक्षात आलं की या महिन्यात आपण दुकानदाराशी बोललो, वहिनीचं ऐकलं, चेअरमनशी वाद घातला, अधिकाऱ्याला अख्खं व्याख्यान दिलं. काकूंना काय हवंय, ते मात्र आपण एकदाही विचारलं नाही. 'तुम्ही ठरवा' म्हणाल्या, तो आपण आपला मान समजलो.

काका उठले. सरळ जाऊन विचारावं, तर इतक्या वर्षांत तशी सवय नाही. काहीतरी निमित्त हवं. म्हणून त्यांनी दोन्ही जोड गोळा करून कापडी पिशवीत भरले. कोणता ठेवू, असं विचारायचं, आणि बोलण्याच्या ओघात दुसरंही विचारायचं.

तलावाच्या दारावर रखवालदारानं काठी आडवी धरली. "बायकांची वेळ आहे."

"माझी बायको आत आहे."

"आत सगळ्या कोणाच्या ना कोणाच्या बायकाच आहेत, साहेब. पिशवीत काय आहे?"

"पत्ते."

"पत्ते?" रखवालदाराचा आवाज इतका चढला की आतून शिट्टी गळ्यात घातलेल्या शिक्षिकाबाई आल्या. काकांनी आपला प्रामाणिक आणि लज्जित चेहरा पुढे केला. बाईंनी काकूंचं नाव ऐकलं आणि म्हणाल्या, "या, पण कठड्यापाशीच उभं राहायचं. त्या आता तिकडे खोल बाजूला आहेत."

खोल बाजूला? काकांनी पायऱ्यांकडे पाहिलं. पायऱ्यांवर कोणीच नव्हतं. मग त्यांना तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे पाण्याचा रंग गडद होता, तिथे एक निळी टोपी दिसली. टोपी वरखाली होत होती आणि तिच्याखाली काकू होत्या. आसपास धरायला काही म्हणजे काही नव्हतं.

"अगं!" काका ओरडले. "अगं, तिथे पाय टेकत नाहीत!" आणि दोन्ही हात पसरून ते कठड्यावरून इतके वाकले की पिशवी उलटी झाली. दोन्ही जोड, लाकडी ठशांचा आणि रंगीत, सम्राट, संन्यासी, मनोरे, सूर्य, सगळे भुरुभुरु पाण्यात. शिक्षिकाबाईंनी शिट्टी मारली. उथळ भागातल्या बायकांनी आधी किंचाळून घेतलं आणि मग मासे पकडावेत तसे पत्ते पकडायला सुरुवात केली. "मला राणी आली!" "हा बघा, याला शिंगं आहेत!" "काका, माझा चांगला आहे का वाईट?" रखवालदार कपाळाला हात लावून उभा होता.

काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते निळ्या टोपीकडे बघत होते. टोपी सावकाश, घाई न करता, हात टाकत टाकत त्यांच्याकडे येत होती. मधे एकदा थांबून काकूंनी पाण्यावरचा एक पत्ता उचलला आणि पुन्हा निघाल्या. काठाशी आल्यावर त्यांनी कठडा धरला. धापा टाकत होत्या, पण चेहरा असा उजळलेला काकांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"हा घ्या तुमचा," काकूंनी पत्ता पुढे केला. "कोणता आहे? काय म्हणतो?"

काकांनी तो घेतला आणि न बघताच खिशात टाकला. "ते राहू दे. तुला जायचंय का गं, लेकीकडे?"

काकूंनी टोपी कानांवरून वर सरकवली. "महिनाभर रोज विचारत होते मी, लेकीला काय कळवायचं म्हणून. एकदा तरी म्हणालात, तुझं काय?"

"आता म्हणतोय ना."

"जायचंय मला," काकू म्हणाल्या. "गुडघे चालतायत तोवर पोरीबरोबर त्या तळ्यात उतरायचंय. म्हणून तर शिकले. पण तुम्हाला इथून उपटून न्यायचं नव्हतं, म्हणून बोलले नाही."

मग जे वाक्य काकांनी संसारात कधी उच्चारलं नव्हतं, ते सगळ्या बायकांच्या आणि रखवालदाराच्या देखत त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. "मला भीती वाटते तिकडे जायची."

"मलाही वाटायची," काकू म्हणाल्या. "सुरुवातीला हा कठडा सोडत नव्हते मी."

"मग?"

"मग काय, सोडला."

काका खाली बसले. त्यांनी बूट काढले, मोजे काढून नीट घडी करून बुटांत ठेवले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाय पाण्यात सोडले. रखवालदार पुढे सरसावला, पण शिक्षिकाबाईंनी त्याला हातानंच थांबवलं. बायकांनी ओले पत्ते आणून काकांच्या शेजारी काठावर वाळत घातले. दोन्ही जोड एकमेकांत मिसळले होते आणि एकाचीही कड दुसऱ्याला जुळत नव्हती. काकांनी खिशातला ओला पत्ता बाजूला सारून फोन काढला.

"बाबा?" लेक म्हणाली. "ठरलं का तुमच्या पत्त्यांचं?"

"नाही गं, ते राहिलं," काका म्हणाले. त्यांनी पाण्यातल्या निळ्या टोपीकडे पाहिलं. "आम्ही येतोय, सांग मालकीणबाईंना. आणि तळ्याच्या काठाला मला बसायला काही आहे का, तेवढं बघून ठेव."